आबांची मलयाळम उजळणी

माझ्या सासऱ्यांना फिनिश भाषेत एक ते दहा आकडे न अडखळता म्हणता येतात. अंथुर्णे गावात ही विद्या दुसऱ्या कुणाकडे नाही. अख्ख्या इंदापूर तालुक्यातही नसावी. अडचण एवढीच, की आबा हे आकडे मलयाळम समजून शिकले. आणि ती मलयाळमच आहे अशी खात्री त्यांना, माझ्या नवऱ्याला आणि सगळ्या घराला दिली ती मी! का, तर माझं बारामतीत स्टेशनरीचं दुकान आहे आणि तिथं मी नकाशे विकते. आमच्या घरात अशी समजूत आहे की जी बाई नकाशे विकते तिला जग कळतं. (मी वह्याही विकते, पण त्यावरून मला लिहिता येतं असं कुणी म्हणत नाही.)

झालं असं, की गेल्या वर्षी आबा डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता उभं राहायचं."

आबा म्हणाले, "न्हाय."

डॉक्टरांना वाटलं, आबा गंमत करतायत. आबा गंमत करत नव्हते. "पंचाहत्तर वर्सं चाललोय. लई झालं. आता मी असाच पडून ऱ्हानार," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जावेदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हात जोडले. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, बागेत पाखरं शिरलीत म्हणून खोटं सांगून पाहिलं. भिंतीकडचं तोंड भिंतीकडेच! डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, हे असेच पडून राहिले तर पुन्हा उठायचे नाहीत. जावेद एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, तिथं पंचवीस माणसांवर ओरडतो. पण त्या दिवशी जिन्याखाली उभा राहून लहान मुलासारखा रडला.

त्याच दुपारी जिन्सी आली.

जिन्सी केरळची. नर्स होऊन बारामतीत आली त्याला तीन वर्षं झालेली. अंगानं काटकुळी, पण मराठी अशी बोलायची की समोरच्याला वाद घालायला जागाच सापडू नये.

"आबा, उठायचं."

"न्हाय."

"विचारलं नाही. सांगितलं. उठायचं."

आबांना त्यांच्या आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. ते इतके चकित झाले की उठून बसले! जिन्सीनं त्यांना वॉकर दिला, कमरेला हाताचा आधार दिला आणि पावलं मोजायला लागली. "युक्सी..."

आबा कण्हायचे थांबले. "काय म्हनती ही?"

"पाय टाकायचं. काक्सी... कोल्मे..."

"कोल्हे? कुठं हायत कोल्हे?"

"नेल्या..."

"कुनी नेल्या? काय नेल्या?" आणि कुणी काय नेल्या हे विचारायच्या नादात आबांनी पाचवं पाऊल टाकलं.

"वीसी," जिन्सी म्हणाली.

"पाचव्या पावलाला वीस? अगं पोरी, मोज की नीट!"

अशा रीतीनं हिशेबावरून भांडत भांडत आबा दहा पावलं चालले. आम्ही दोघं दारात उभे होतो. मी जावेदकडे पाहिलं नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळपासून केस विंचरून जिन्सीची वाट पाहत बसले होते. आकडे त्यांनी त्यांच्या पद्धतीनं पाठ केले होते: उकशी, काकाशी, कोल्हे, नेल्या, विशी, कुशी! त्यांनी तिला विचारलं, "ही तुझी भाषा का गं?" जिन्सीनं एकदा टेबलाशी बसलेल्या मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "हो, हो, आबा. चालायचं."

झालं. पहिला पुरावा हाती आला.

दुसरा मी स्वतः गोळा केला. दुपारी वॉर्डात सामसूम असली की जिन्सी खिशातून छोटी वही काढून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. आबांना घरी सोडलं त्या दिवशी ती वही त्यांच्या कपाटावर राहिली होती. मी उघडली. (दुसऱ्याची वही उघडू नये हे मला कळतं. पण वही हा माझा धंदा आहे!) पानावर तीन रकाने होते. डावीकडे गोल गोल मलयाळम अक्षरं, उजवीकडे इंग्रजी अर्थ आणि मधे इंग्रजी लिपीत लांबलचक शब्द. मी तर्क केला: डावीकडचं मलयाळम कसं वाचायचं, ते मधे लिहिलंय. इतका सुंदर तर्क मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

"पण मग तिला स्वतःचीच भाषा कशी वाचायची हे लिहून ठेवायची काय गरज?" जावेदनं विचारलं.

"नकाशे तू विकतोस की मी?" मी म्हणाले आणि त्या पानाचा फोटो काढला. वही तिला परत केली.

दीड महिन्यानं आबा काठी घेऊन अंगणात हिंडायला लागले. तेवढ्यात कळलं, जिन्सीची आई चार दिवसांसाठी बारामतीला येतेय. आबांनी फर्मान काढलं, "दोघींस्नी रयवारी जेवाय बोलवा. ज्या माउलीनं अशी लेक वाढवली, तिच्यापुढं मला चार पावलं चालून दाखवायचीत. आन् आभार मानायचं तर तिच्या भाषेत. आपली मराटी तिला काय कळनार?"

मग काय, फोटो काढलेलाच होता. मी कार्डपेपरवर स्केचपेननं मोठ्या अक्षरात शब्द लिहून घरभर चिकटवले. स्वागताचं 'तेर्वेतुलोआ', नमस्काराचं 'ह्यूवा पैवा' आणि आभाराचं 'कीतोस'. आठ दिवस घरात दुसरी भाषा नव्हती. जावेद मोटरसायकलवर एमआयडीसीला जाता-येता हेल्मेटमध्ये घोकायचा. सिग्नलला शेजारच्यानं त्याला विचारलं म्हणे, "दाजी, तब्येत बरी हाय ना?" आबांनी तर 'तेर्वेतुलोआ'चं 'तेरवं तुला वा' करून टाकलं. मी म्हटलं, चालेल, बोलीभाषा असते.

रविवार उजाडला. मी आणि आबा सकाळपासून अंथुर्ण्याच्या घरी. जावेद गाडी घेऊन दोघींना आणायला गेला. मटणाचा रस्सा, भाकरी, जिरेभात, डाळिंबाची कोशिंबीर. गाडी दारात आली. आधी जिन्सी उतरली. तिच्यामागून उंच, सडसडीत, सुती साडी नेसलेल्या बाई. लीलाम्मा. त्या केरळात शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, ही गोष्ट मला जावेदनं गाडीतून उतरता उतरता कानात सांगितली. आमची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली! मला घाम फुटला. पण मग आठवलं, आपण हिंदी बोलणारच नाही आहोत.

आबा पुढे झाले, काठी बगलेत धरली, हात उंच केला आणि गरजले, "तेरवं तुला वा!"

आम्ही मागून सूर लावला, "ह्यूवा पैवा!"

लीलाम्मांनी प्रसन्नपणे हात जोडले. "धन्यवाद. आपकी मराठी अत्यंत मधुर है।"

आबा हसले. "मराठी नै, बाई. ये तुमारीच भाषा!"

"हमारी?"

जिन्सीचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझी ओढणी खालून ओढली. "ताई, ते बोलू नका."

"अगं, लाजायचं काय त्यात!" मी तिच्या पाठीवर थाप मारली. "आपली भाषा आहे!"

लीलाम्मा विचारात पडल्या. "क्षमा कीजिए, यह मलयालम तो नहीं है।"

आबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता इज्जतीचा प्रश्न होता. मी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आबा, केरळातपण जिल्ह्या-जिल्ह्याला भाषा बदलत असणार. आपण नाही का, इथं 'हाय' म्हणतो आणि पुण्यात 'आहे' म्हणतात." आणि मग, ज्यांनी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली त्या बाईंना, त्यांच्याच मातृभाषेबद्दल, मी म्हणाले, "आपके उधर अलग बोलते होंगे. मेरे पास लिखा हुआ है!"

आणि मी फोनमधला फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

हा माझ्या हातून घडलेला सगळ्यात मोठा गाढवपणा. जिन्सी "ताई, नको, नको" करत होती, आणि मला वाटत होतं की पोरगी विनयशील आहे!

लीलाम्मांनी चष्मा लावला. लेकीचं अक्षर ओळखलं. पानाच्या अगदी वर मलयाळममध्ये एक ओळ होती, जी अर्थातच मला वाचता आली नव्हती. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग आमच्यासाठी हिंदीत वाचून दाखवली, "फिनिश. पाठ सात।"

आबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"यह फिनलैंड की भाषा है," लीलाम्मा म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. त्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदाच खरीखुरी मलयाळम ऐकू आली. पाच मिनिटं, न थांबता. त्यातला एकही शब्द माझ्या कार्डपेपरवर नव्हता.

जिन्सीनं रडत रडत आम्हाला सांगितलं ते असं. फिनलंडमध्ये नर्स लागतात. भाषेची परीक्षा पास झाली की तिला जाता येणार होतं. दवाखान्यात तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आईला तर नाहीच. वडील नाहीत, ही एकुलती एक. बारामतीला आली तेव्हाच आई आठ दिवस बोलली नव्हती. पास झाल्यावर, चांगली वेळ बघून, शांतपणे सांगायचं तिनं ठरवलं होतं. आबांना चालवताना ती आकड्यांचा अभ्यास करायची, एवढंच. दोन कामं एकदम.

आणि ती चांगली वेळ, ती शांतता, सगळं आम्ही 'ह्यूवा पैवा' करून उधळून लावलं होतं.

"हमें बारामती पहुँचा दीजिए," लीलाम्मा म्हणाल्या. जेवण वाढलेलं होतं. जावेद माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या कारखान्यात पातेलंभर दूध नासवलंय. मला खरंच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जिच्यामुळे आमच्या घरातला माणूस उभा राहिला, तिलाच मी आडवं पाडलं होतं! मी लीलाम्मांसमोर जाऊन म्हणाले, "चूक माझी आहे. तिची नाही. तिला काही बोलू नका," आणि माझाही बांध फुटला. (हिंदीत म्हणायला गेले, पण रडताना मला हिंदी येत नाही.)

तेवढ्यात आबा शांतपणे म्हणाले, "रेहाना, हे फिनलंड कुठं हाय?"

नकाशा शोधायला लांब जावं लागलं नाही. दुकानात न खपलेले प्लास्टिकचे जगाचे नकाशे आम्ही पाहुणे आले की जेवायला अंथरतो. पुसायला बरे पडतात. आबा आत दिवाणखान्यात मांडलेल्या पानांपाशी गेले, तसे आम्ही सगळे मागोमाग. मी रश्श्याचं पातेलं बाजूला केलं, तर खाली केरळ निघालं. लिंबाच्या फोडी उचलल्या, तर फिनलंड.

आबा काठी टेकत खाली वाकले. एक बोट केरळावर, एक फिनलंडवर. "बाई, तुमची भाषा कुठं कुठं बोलत्यात?"

शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याला राग आवरून उत्तर द्यावंच लागतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. लीलाम्मा अजून उभ्याच होत्या, पण म्हणाल्या, केरळात बोलतात, लक्षद्वीपच्या बेटांवर बोलतात, शेजारच्या माहे गावात बोलतात. मग थोडं थांबून म्हणाल्या, दुबईत, मस्कतला, दोह्यात. भाऊ मस्कतला होता. आत्येबहीण लंडनला आहे.

"आन् ही फिनिश?"

जिन्सी डोळे पुसत म्हणाली, "फिनलंडमध्ये. थोडी बाजूला स्वीडनमध्ये, थोडी रशियाच्या हद्दीवर. बस."

"एवढीशीच?" आबांना वाईट वाटलं.

"पुणे जिल्ह्यात जेवढी माणसं आहेत, तेवढीसुद्धा नाहीत ती बोलणारी," मी म्हणाले. (हे मात्र मला खरंच माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्यावर कोण विश्वास ठेवणार! सगळ्यांनी जिन्सीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं मान्य झालं.)

"मग तितं मलयाळम बोलनारं कुनी न्हाय व्हय?"

"आहेत ना, आबा. माझ्या कॉलेजच्या चार मुली आहेत. चर्चमध्ये मलयाळम प्रार्थना होते."

लीलाम्मा नकाशाजवळ आल्या. त्या म्हणाल्या, तिथं हिवाळ्यात दिवसा अंधार असतो. बर्फ असतो. ही तापानं फणफणली तर कुणाला सांगणार? कुठल्या भाषेत सांगणार? आणि कोण ऐकणार?

आबा नकाशावरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. कुणी हात दिला नाही, कारण ते आवडत नाही त्यांना. म्हणाले, "बाई, मी माझ्याच मुलखात आजारी पडलो. माझी मान्सं उशाला हुती. समदी मराटीत सांगत हुती, उठा, उठा. मी कुनाचंच ऐकलं न्हाय. ऐकलं ते तुमच्या ह्या लेकीचं. आन् ती कुठल्या भाषेत बोलत हुती, ते तर मला आज कळतंय!"

जावेदनं हे हिंदीत सांगितलं.

मग आबांनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि चालायला सुरुवात केली. "उकशी... काकाशी... कोल्हे... नेल्या..." दिवाणखान्याच्या या टोकापासून दारापर्यंत. दहाव्या पावलाला ते थांबले. थकले म्हणून नव्हे. पुढचे आकडे येत नव्हते म्हणून.

लीलाम्मा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग लेकीकडे न बघताच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "दस के बाद?"

जिन्सीला कळेचना. "अम्मा?"

"दस के बाद क्या आता है?"

जिन्सी हुंदके देत म्हणायला लागली, अकरा, बारा, तेरा. आकडे तेच, एकपासूनचे, फक्त प्रत्येकाच्या शेपटाला 'तोइस्ता'. सोळा झाले आणि ती एकदम अठरावर गेली, तोच आबा ओरडले, "सात ऱ्हायला! सेइत्सेमन ऱ्हायला! सतरा खाल्लास तू, पोरी!"

"देखो!" लीलाम्मा लेकीवर कडाडल्या. "इन्हें आता है, तुम्हें नहीं! परीक्षा कब है?"

"दोन महिन्यांनी," जिन्सी घाबरून मराठीत म्हणाली.

"दो महीने! और तुम दावतें खाती फिर रही हो? कल से रोज़ दो घंटे अभ्यास। मेरे सामने।"

एवढं बोलून त्या नकाशाच्या कडेला मांडी घालून बसल्या, पदरानं भराभरा डोळे पुसले, आणि समोरची भाकरी मोडली. जिन्सी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. रस्सा निवून गार झाला होता. मी गरम करायला उठले, तर लीलाम्मा म्हणाल्या, "बैठिए. आज ठंडा ही अच्छा है।" आजवर माझ्या रश्श्याचं इतकं मोठं कौतुक कुणी केलेलं नाही.

जिन्सी पास झाली. आता ती तिकडे एका छोट्या गावात आजी-आजोबांना चालवते. फोनवर सांगत होती, तिकडचे म्हातारेही "उठायचं" म्हटलं की आधी नाहीच म्हणतात. लीलाम्मा मात्र आमच्या झाल्या. दर रविवारी आबांना फोन करतात आणि त्यांच्याकडून आकडे म्हणवून घेतात. लेकीचा राग त्यांनी आमच्यावर कधीच काढला नाही. उलट म्हणतात, बरं झालं तुम्ही सांगून टाकलंत, तिची हिंमत झाली नसती.

त्या उपकारानं मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी ठरवलं, एकदा तरी या बाईंचे आभार खऱ्या मलयाळममध्ये मानायचे. या वेळी तर्क नाही, फोटो नाही. तीन महिने रीतसर इंटरनेटवरून शिकले. एकच वाक्य, पण पक्कं. उच्चार शंभरदा ऐकून घोटले, जावेदला म्हणून दाखवले, आरशासमोर म्हटले. परवा फोन लावला, खोल श्वास घेतला आणि ते पूर्ण वाक्य एका दमात, मनापासून म्हटलं.

पलीकडून लीलाम्मा अतिशय मायेनं म्हणाल्या, "क्षमा कीजिए, रेहाना जी, मुझे अभी फिनिश नहीं आती।"